एकोणीस चकत्या

माणसाला दारूपासून सोडवण्याचं सामर्थ्य असलेली वस्तू जगाच्या इतिहासात एकदाच निर्माण झाली, आणि ती निर्माण करण्याचा मान आमच्या शतकाला आहे. ती हाडाची असते, वाटोळी असते आणि कोटाच्या गुंडीएवढी असते. आमच्या पेटीत तशा चोवीस होत्या. पुढे तेवीस राहिल्या, कारण एक बिली ट्रिपने गिळली. पण ते त्याने मुद्दाम केलं नव्हतं.

खेळ साधा आहे. टेबलावर जाड लोकरी कापड अंथरायचं, मधोमध लाकडी पेला ठेवायचा. आपली चकती कापडावर ठेवून तिच्या कडेवर दुसऱ्या मोठ्या चकतीने दाबायचं. चकती उडते. पेल्यात पडली तर ठीक, नाही पडली तर पुन्हा. ज्या राष्ट्राच्या दिवाणखान्यांत हे चालतं त्याच राष्ट्राचं निम्म्या जगावर राज्य आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे ते मी अजून तपासलेलं नाही.

या खेळाचा इतिहास लिहावा असं माझ्या मनात होतं. एक्झेटरच्या अध्यापक महाविद्यालयात मी दोन वर्षं काढली आहेत, आणि तिथून बाहेर पडलेल्या माणसाला काहीतरी लिहावंसं वाटतंच. पहिलं प्रकरण लंडनचं झालं. तिथे १८८८ च्या सुमारास एका गृहस्थाने खेळाचं पेटंट घेतलं आणि दोन-तीन नाताळांत देशभर त्याचं वेड पसरलं. पाद्र्यांच्या मुली, निवृत्त कर्नल, सगळे टेबलावर वाकून चकत्या उडवू लागले. इतर कारखानदारांनी तोच खेळ निरनिराळ्या नावांनी काढला, पण लोकांच्या तोंडी एकच नाव बसलं. टिडलीविंक्स. दुसरं प्रकरण आमच्या पोल्गारो गावाचं, ते इथे देतो आहे. तिसरं मी लिहिलं नाही.

लंडनच्या दिवाणखान्यात या शब्दाला काही अर्थ नाही. कॉर्नवॉलमध्ये आहे. आमच्याकडे टिडलीविंक म्हणजे गुत्ता. एखादी विधवा स्वयंपाकघरात बीअरचं पिंप ठेवते, तेवढ्याचा तिच्याकडे परवाना असतो. चुलीवर केटली असते आणि तिच्यात पाणी नसतं. गिऱ्हाइकाने केटलीकडे बघून डोळा मारायचा, की चहाच्या कपातून ब्रँडी येते. आमच्या आसपास असा एकच उरला होता, चौरस्त्यावर, जेनिफरमावशीचा.

आमच्या खाणीचं नाव व्हील मर्सी, म्हणजे दयेची खाण. ती १८९१ च्या उन्हाळ्यात बंद पडली. कथलाचा भाव उतरला, पंप थांबले, पाणी चढलं. ज्यांना जाता आलं ते जोहान्सबर्गला गेले, उरलेले भिंतीला टेकून उभे राहिले. सॅम्प्सन नॅनकिव्हेल उरलेल्यांत होता. सहा फूट उंच, अडतीस वर्षांचा, आणि खडकात भोक पाडण्यात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. खडक गेल्यावर तो हात रिकामा झाला आणि कपाकडे वळला. पुढच्या मार्चमध्ये तो सलग पंधरा दिवस पीत होता. सोळाव्या दिवशी डॉक्टरने त्याचं पोट दाबून पाहिलं आणि त्याच्या बायकोला, टॅमसिनला, बाहेर बोलावून सांगितलं, "बाई, आत फारसं काही उरलेलं नाही. पुन्हा सुरू झाला तर पेटीचं माप घेऊन ठेवा."

त्या ईस्टरला सॅम्प्सनने चॅपलमध्ये दारू सोडल्याची शपथ घेतली आणि तिची खूण म्हणून कोटावर निळी फीत लावली.

डिसेंबरमध्ये टॅमसिन जेबेझकाकांकडे आली. जेबेझ युरेन हे आमचे सुतार आणि चॅपलच्या सभासदांचे तीस वर्षांचे प्रमुख. सगळं गाव त्यांना काका म्हणतं. खाण बंद झाल्यापासून त्यांच्याकडे दोनच कामं येत, शवपेट्या आणि परदेशी जाणाऱ्यांच्या पेट्या. लाकूड एकच लागतं, असं ते म्हणत. मी तेव्हा त्यांच्या दुकानात शाळेच्या बाकाचा पाय घेऊन बसलो होतो.

"काका, आठ महिने झाले," टॅमसिन म्हणाली. "दिवसा बरा असतो. संध्याकाळ झाली की हातांना काम लागतं त्याच्या. काल माझा लोकरीचा गुंडा सोडवला आणि परत गुंडाळला. तीन वेळा."

"बायबल वाच म्हणावं."

"वाचतो की. नोहा पिऊन पडतो तिथे अडकतो आणि मग तेच पान वाचत बसतो."

काकांनी रंधा खाली ठेवला. प्लिमथला भाचीकडे त्यांनी एक खेळ पाहिला होता. तिथे सत्तर वर्षांच्या एका माणसाने सहा वाजता चकती हातात घेतली होती आणि जेवायला बोलावलं तेव्हा त्याला ऐकूच गेलं नव्हतं. भाचीने ती गोष्ट तक्रार म्हणून सांगितली होती. काकांनी दुसऱ्याच दिवशी त्या खेळाची पेटी मागवली.

एक अडचण होती. आमच्या चॅपलच्या शाळेच्या जागेच्या जुन्या करारपत्रात लिहिलेलं आहे की या जागेत फासे, पत्ते आणि सोंगट्या यांना मनाई राहील; मोडल्यास खोली बंद करण्यात येईल. मी ते काकांना वाचून दाखवलं.

"या सोंगट्या नाहीत," काका म्हणाले. "सोंगट्या सरकतात. या उडतात."

"मंडळाला विचारायचं का?" मी म्हटलं. मंडळ म्हणजे आमच्या भागातल्या अकरा चॅपलांचं, सात मैलांवरच्या बाजारगावात बसणारं.

"विचारलं की उत्तर येतं, मास्तर. कशाला?"

दारावर लावायची सूचना लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"'करमणूक' लिहा," काका म्हणाले. "नुसतं 'करमणूक'."

"पेटीवर नाव छापलेलं आहे, काका. नेमका शब्द असताना मोघम शब्द वापरू नये, असं आम्हाला शिकवलंय."

"कुठे?"

"एक्झेटरला."

"त्यांच्याकडे गुत्त्याला काय म्हणतात?"

"गुत्ताच म्हणतात."

"मग त्यांना काय जातंय शिकवायला," काका म्हणाले. पण शिकलेल्या माणसापुढे ते फार ताणून धरत नसत. मी लिहिलं: दर शनिवारी संध्याकाळी सहा वाजता टिडलीविंक्स. दारू सोडल्याची शपथ घेतलेल्यांनी अवश्य यावे. टिडलीविंक्सचा शेवटचा 'स' कडेला गेला आणि चौकटीच्या रेघेखाली दिसेनासा झाला. अक्षर सुंदर आलं होतं, म्हणून मी पुन्हा लिहिलं नाही.

पहिल्या शनिवारी चौदा जण आले. त्यातले सहा जण बाप्तिस्म्यानंतर प्रथमच चॅपलच्या आवारात शिरत होते. म्हातारा बिली ट्रिप स्वतःचा मग घेऊन आला होता.

"उशिरा का होईना, देवाला सुचलं," तो म्हणाला, आणि चहाच्या मोठ्या केटलीकडे बघून त्याने डोळा मारला.

टॅमसिनने त्याचा मग भरून दिला. त्याने घोट घेतला.

"हा चहा आहे."

"हो."

बिलीने पुन्हा डोळा मारला, या वेळी जरा सावकाश.

"डोळ्यात काही गेलंय का, बिलीकाका?"

"पोरी, बाहेर लिहिलंय काय आणि आत चाललंय काय?"

"बसा. केशरी बन आहेत."

बनसाठी सगळे बसले. बसल्यावर समोर चकत्या होत्या, आणि समोर असलेली वस्तू दाबून पाहण्याचा मोह बाप्तिस्मा झालेल्यालाही आवरत नाही. दहा मिनिटांत कुणी बोलेना. एक चकती उडून बिलीच्या बनमध्ये पडली आणि मनुका समजून त्याने खाल्ली. त्याला दात नव्हते म्हणून काही कळलं नाही.

सॅम्प्सन कोपऱ्यातल्या टेबलाशी होता. त्याचा हात थरथरत होता. शपथ घेतल्यापासून तो थरथरतच असे, कप बशीत ठेवला की खडखड ऐकू यायची. त्याने मोठी चकती चिमटीत धरली आणि लहानीच्या कडेवर टेकवली. थरथर थांबली. मी ते पाहिलं, टॅमसिनने पाहिलं, आणि आम्ही दोघांनी तिसरीकडे पाहिलं. खडकाची रेघ कुठे आहे ते छिन्नीच्या टोकाने चाचपतात, तसं तो त्या चकतीचं मन चाचपत होता. मग त्याने दाबलं. चकती पेल्यात पडली.

"ही सोपी होती," तो म्हणाला.

जानेवारीअखेर तो तेवीसपैकी सोळा चकत्या ओळीने पेल्यात पाडू लागला. एका शनिवारी एकोणीस पाडल्या. खोलीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, आमच्याकडे तशी पद्धत नाही; पण बिलीने आपला उरलेला अर्धा बन त्याच्या पुढे सरकवला. सॅम्प्सन घरीही सराव करी. टॅमसिन म्हणे की तिच्या शालीवर त्याने इतक्या चकत्या उडवल्या आहेत की शालीला आता ऊब उरलेली नाही, पण तिची काही तक्रार नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या गावचे एक प्रवचनकार आमच्याकडे पाळीने आले. प्रवचन त्यांनी संयमावर दिलं. जाताना दारावरची माझी सूचना वाचली, दोनदा वाचली, आणि फाटकाशी भेटलेल्या बिलीला 'तिथे कोण कोण जातं?' एवढंच विचारलं; बिलीने सॅम्प्सनचं आणि त्याला नेणाऱ्या काकांचं नाव सांगितलं आणि ते घोड्यावर बसले. पुढच्या आठवड्यात मंडळाचं पत्र आलं. सभासद सॅम्प्सन नॅनकिव्हेल, प्रमुख जेबेझ युरेन आणि टिपणासाठी शाळामास्तर यांनी गुरुवारी दुपारी दोन वाजता चौकशीस हजर राहावे.

"सोंगट्यांचं कळलं त्यांना," काका म्हणाले. "खोली बंद करतील."

सात मैल आम्ही चालत गेलो. वाटेत काकांनी सॅम्प्सनला बजावलं, "विचारतील तेवढ्याचंच उत्तर दे. खरं सांग, पण फापटपसारा नको."

"खोटं कशाला सांगू?" सॅम्प्सन म्हणाला. "चांगलंच काम केलंय की आपण."

मंडळाचे मुख्य, रेव्हरंड पेंगेली, मूळचे आमच्याच भागातले. चष्मा लावून ते स्वच्छ, मायाळू आवाजात विचारू लागले. मी टेबलाच्या टोकाशी दौत-टाक घेऊन बसलो.

"भाऊ नॅनकिव्हेल, नाताळपासून तुम्ही टिडलीविंकला जात होतात, हे खरं?"

"हो, साहेब."

"किती वेळा?"

"दर शनिवारी. रोज असतं तर रोज गेलो असतो."

साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. "तुम्ही मोकळेपणाने बोलता याचं मला समाधान आहे. एका बैठकीत साधारण किती होत?"

"सुरुवातीला चार-पाच. मग सोळापर्यंत गेलो. एकदा एकोणीस."

"एकोणीस पेले?"

"पेला एकच असतो, साहेब. त्यातच सगळं जातं."

शेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाने हळूच खुर्ची मागे सरकवली.

"आणि त्यानंतर तुम्ही शुद्धीवर होतात?"

"उलट हात एकदम स्थिर होतो. एरवी कापतो."

"बायकोला ठाऊक आहे?"

"तीच पाठवते. म्हणते, जा, तेवढ्यानेच तू घरात माणसासारखा वागतोस."

'एकोणीस पेले' या दोन शब्दांवर मला सगळं कळलं होतं. हे लोक सोंगट्यांबद्दल विचारतच नव्हते. मी काकांकडे पाहिलं. त्यांनाही कळलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. साहेब, तो गुत्ता नव्हे, तो खेळ आहे. मग साहेबांनी विचारलं असतं, कसला खेळ, कुठे, चकत्यांचा? करारात काय आहे? आणि सूचना कोणाच्या अक्षरात आहे? शाळामास्तरांना नेमतं मंडळच आणि काढतंही मंडळच. मी टाक दौतीत बुडवला आणि लिहिलं: १९.

"भाऊ युरेन," साहेब वळले, "याला तिथे तुम्ही नेलंत, असं ऐकतो."

काका उभे राहिले. त्यांचे दोन्ही हात टेबलावर होते. "साहेब," ते म्हणाले, "मी जन्मात कुठल्या गुत्त्यात पाऊल ठेवलेलं नाही."

हे खरं होतं. सॅम्प्सनने त्यांच्याकडे पाहिलं. तो पुढचं वाक्य यायची वाट पाहत होता, नंतर त्याने वाट पाहणं सोडलं. काका खाली बसले.

निर्णयाला फार वेळ लागला नाही. शपथ मोडल्याचं सभासदाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे, सबब नाव पटावरून कमी. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. सॅम्प्सनने कोटावरची निळी फीत काढून टेबलावर ठेवली. टाचणीही ठेवली, कारण ती मंडळाची होती.

परतीच्या वाटेवर काका पुढे होते, आम्ही दोघं मागे.

"मास्तर, तुम्ही नियम वाचलेत," सॅम्प्सन म्हणाला. "चकत्या उडवल्या तरी नाव काढतात आणि प्यायलं तरी नाव काढतात?"

"शिक्षा एकच दिलेली आहे," मी म्हटलं. नियमावलीपुरतं ते बरोबर होतं.

"म्हणजे देवाच्या लेखी दोन्ही सारखंच."

"मंडळाच्या लेखी."

"मग दहा महिने मी कशापासून लांब राहिलो?"

कुणी किती वाजले विचारावं, तसं त्याने विचारलं. त्याला राग आलेला नव्हता. राग आला असता तर मला बोलणं जमलं असतं, असं मी नंतर बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. चौरस्त्यावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि जेनिफरमावशीच्या धुराड्यातून धूर निघत होता. सॅम्प्सन तिकडे वळला.

"सॅम्प्सन, घर इकडे आहे," काका म्हणाले.

"माहीत आहे, काका."

आम्ही त्याला जाताना पाहिलं. दार लोटून तो आत गेला. उंचीमुळे त्याला वाकावं लागलं. काका म्हणाले की आज तो ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, सकाळी जाऊन मी त्याला सगळं नीट समजावून सांगतो. मी म्हटलं, सकाळी बरं पडेल. सकाळी सॅम्प्सन कुणाचं काही समजण्याच्या अवस्थेत नव्हता, आणि त्यानंतरही कधी त्या अवस्थेत आला नाही. काका रोज जात. उंबऱ्यात बसून ते त्याला सांगत की अरे, चूक शब्दाची झाली. तो म्हणे, हो काका, आणि त्यांना ओळखत नसे.

ईस्टरच्या आधीच्या मंगळवारी तो वारला. पेटी काकांनी केली; माप त्यांच्याकडे मार्चपासून होतं, आदल्या मार्चपासून. आमच्याकडे मयत निघताना चॅपलची मंडळी दारात उभी राहून गातात आणि कबरीपर्यंत गात जातात. पटावर नाव नसल्यामुळे कुणी गायलं नाही. बिली ट्रिप एकटाच दोन ओळी म्हणाला, पण त्याला चाल येत नव्हती.

मेमध्ये टॅमसिन शाळेत आली. मुलं गेली होती. ती मुलांच्या बाकावर बसली.

"मास्तर, त्या दिवशीचं टिपण तुमच्याकडे आहे ना? मला वाचता येत नाही. वाचून दाखवा."

मी वाचलं. सभासद नॅनकिव्हेल याने दर शनिवारी टिडलीविंकला गेल्याचे व एका बैठकीत एकोणीस केल्याचे कबूल केले.

"एकोणीस चकत्या," ती म्हणाली.

"हो."

"चकत्या असं लिहिलेलं नाही?"

"तो शब्द तिथे कुणी बोललं नाही."

"तुम्ही तिथे बसला होतात."

"हो."

"तुम्ही तर नेमके शब्द लिहिता म्हणे."

ती शिव्या देईल असं मला वाटलं. देऊ शकली असती, खाणीवर माती चाळण्यात तिची दहा वर्षं गेली होती आणि तिथल्या बायकांची जीभ प्रसिद्ध आहे. ती उठली, तिने बाक होता तसा सरळ केला आणि गेली. पुढे ती मोलमजुरीला प्लिमथला गेल्याचं कळलं.

त्याच आठवड्यात काका सात मैल चालत जाऊन पेंगेलीसाहेबांना सगळं सांगून आले. साहेबांनी विचारलं म्हणे, "खेळ? नुसता खेळ होता?" काका म्हणाले, हो, चकत्यांचा, आणि करारात मनाई आहे म्हणून बोललो नाही. साहेब म्हणाले की तो करार साठ वर्षांपूर्वीचा आहे आणि तो कुणी पाळत नाही. त्यांच्या स्वतःच्या चॅपलमध्ये दर बुधवारी सोंगट्या मांडतात. काकांनी त्यानंतर प्रमुखपद सोडलं. कारण विचारलं तर ते गुडघ्याचं सांगत.

ऑक्टोबरमध्ये मंडळाने अकराही चॅपलांना छापील पत्रक पाठवलं. दारूबंदीच्या सभांसाठी मान्य करमणुकी: समूहगान, जादूचा कंदील, शब्दकोडी, टिडलीविंक्स. सोबत प्रत्येकी एक पेटी होती. आमच्याकडे एक असल्यामुळे ती आम्ही परत पाठवली.